मोकळी आले

विमान सिडनीला उतरायला तासभर होता तेव्हा ते कार्ड हातात आलं. प्रश्नांची रांग आणि प्रत्येकापुढे दोन चौकोन, होय आणि नाही. खरं असेल त्या चौकोनात फुली मारायची. आपल्याकडे शाळेपासून फुली म्हणजे चूक, त्यामुळे सुरुवातीलाच हात अडखळला. एरवी फॉर्म दिसला की मला हुरूप येतो. कराडच्या एका सहकारी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली निम्मी कॅश काउंटरवर आणि उरलेली लोकांचे फॉर्म भरून देण्यात. ‘तुम्हाला कधी गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली आहे का?’ या प्रश्नापुढे मी हसतच ‘नाही’वर फुली मारली. शेजारच्या खुर्चीतल्या पंजाबी आजींनी काय झालं म्हणून विचारलं, त्यांना सांगितलं, त्याही हसल्या. मग त्यांचंही कार्ड मीच भरलं. दुसरा एक प्रश्न खाण्याच्या जिनसांचा होता. सुकामेवा, बिया, दूधदुभतं, असं काही बरोबर आहे का. विमानाच्या पोटात माझ्या बॅगेत दोन किलो डिंकाचे लाडू होते. खारीक, खोबरं, गोडंबी, घरी कढवलेलं तूप. शिवाय अळीव, बाळंतशोपा, ओवा. निघताना सोसायटीतल्या तिघींनी बजावलं होतं, ‘होय लिहिलंस तर सगळं डोळ्यांदेखत कचऱ्यात टाकतात.’ मी पुन्हा ‘नाही’वर फुली मारली. खाली उतरल्यावर कुणी अडवलं नाही, कुणी बॅग उघडली नाही.

कार्डावर दोन्ही फुल्या सारख्याच दिसत होत्या.

लेकीला मात्र ते पटलं नाही. नववा लागलेला, पाय सुजलेले, सोफ्यावर उशांच्या गराड्यात ती बसली होती. मी डबा उघडला, तुपाचा वास घरभर पसरला, आणि तिचा पहिला प्रश्न हाच, ‘कार्डावर लिहिलं होतंस ना?’ मी म्हटलं, ‘अगं, लाडूच तर आहेत.’ ती म्हणाली, ‘लिहिलं असतंस तर बघून बहुतेक परत दिले असते. लाडवांचं काही नाही गं आई. तू खोटं लिहिलंस.’ मग उठली, एक हात कमरेवर ठेवून, आणि डबा ओट्यावरच्या सगळ्यात वरच्या कपाटात ठेवून आली. मी बुटकी, स्टूल घेतल्याशिवाय तिथे माझा हात पोचत नाही. तिची उंची वडिलांवर गेली आहे. त्या संध्याकाळी देवापुढे निरांजन लावताना मी नेहमीचंच म्हटलं, पोर सुखरूप मोकळी होऊ दे. पण मन त्या चौकोनाकडे जात राहिलं. हजारो लोकांना ‘इथे सही करा, खरं तेच लिहा’ म्हणणारी मी.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी हॅरिस पार्क नावाच्या, आपल्या लोकांच्या दुकानांच्या वस्तीत कढीपत्ता आणायला निघाले तेव्हा जावयाने हातात काही नोटा ठेवल्या. नोट हाताला लागली की माझी जुनी खोड जागी होते. इथली नोट प्लास्टिकची. ओला स्पंज नको, बोट लावायला नको. घडी घातली तर हळूहळू आपण होऊन उलगडते. आणि वास नाही. बाजाराच्या दिवशी आमच्या काउंटरवर आलेल्या नोटांना गुळाचा, तंबाखूचा, कधी शेळीचासुद्धा वास यायचा. डोळे मिटून सांगता यायचं पैसे कुठून आलेत. या नोटेवरून काहीच कळेना, म्हणून चेहरा पाहिला. लालसर रंगाची वीस डॉलरची नोट आणि तिच्यावर एक आजी. झालरीची टोपी, गोल चष्मा, ओठ असे मिटलेले की हसतेय की नाही ते ठरवता येत नाही. तारण न आणता कर्ज मागायला आलेल्याकडे आमचे मॅनेजर बघायचे, थेट तशी नजर. मी विचारलं, या कोण? जावई नागपूरचा, चेहऱ्यावरची रेष न हलवता विनोद करतो. म्हणाला, ‘या? या घोडेचोर होत्या.’ मी हसले. ‘खरंच, आई. शिक्षा होऊनच आल्या होत्या इथे.’

दारात विचारतात शिक्षा झाली आहे का, आणि घरात नोटेवर शिक्षा झालेली बाई!

तिचं नाव मेरी रेबी. माहेरची हेडॉक, घरात मॉली. पुढचे कित्येक दिवस लेक दुपारची झोपली की मी तिच्याबद्दल वाचत बसायची. १७७७ साली इंग्लंडातल्या लँकेशायरमध्ये, बरी नावाच्या गावी जन्म. आईबाप नाहीत, आजीने वाढवलेली. १३-१४ वर्षांची असताना ती पकडली गेली, तीही मुलाच्या कपड्यांत, जेम्स बरो असं नाव सांगत, चोरीच्या घोड्यासकट. हा मुलगा नसून मुलगी आहे हे बाहेर पडलं ते खटल्याच्या वेळी. त्या काळी घोड्याच्या चोरीला फाशीसुद्धा होई. हिला ७ वर्षांची हद्दपारी मिळाली. कोर्टात ती काय बोलली असेल याच्यापेक्षा मला दुसरंच वाटत राहिलं, की त्या क्षणी तिला कसली लाज वाटली असेल, घोड्याची की कपड्यांची? आमच्या वेळी वाड्यातल्या मुलीने भावाची सायकल पळवली तरी आधी तिच्या वर खोचलेल्या परकराची चर्चा व्हायची, सायकलची नंतर.

‘रॉयल अॅडमिरल’ या जहाजातून ती आली. हे जहाज एरवी ईस्ट इंडिया कंपनीच्या मालासाठी आपल्याकडे खेपा करणारं. १७९२ च्या मे अखेरीला निघालं आणि ऑक्टोबरात इथे लागलं. पोचल्या पोचल्या, अजून जहाजावरच असताना, मेरीने आत्याला की मावशीला (इंग्रजीत दोघींना एकच शब्द, आपल्याला त्याचा फार त्रास होतो) पत्र लिहिलं. ते जपून ठेवलेलं आहे. जागा तशी बरी दिसते आहे, असं ती लिहिते. आठवड्याला चार विजारी शिवाव्या लागतील, पौंडभर तांदूळ मिळेल, चार पौंड डुकराचं मांस आणि वर भाजीपाला. इथले लोक म्हणतात तुला जन्मठेपच आहे, गव्हर्नर म्हणतो सातच वर्षं, याचं फार वाईट वाटतं. दोन-तीन वर्षांत इथून निघायची संधी शोधीन. आणि मग एक वाक्य, की या आत्ताच्या दुर्दैवी अवस्थेत जमेल तितकं मी स्वतःला आनंदात ठेवीन. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. सहा वर्षांपूर्वी लेकीचा इथून पहिला फोन आला तेव्हा तीही हेच म्हणाली होती, ‘बरी आहे गं जागा. तांदूळ मिळतो. भाज्या मिळतात.’ परदेशी गेलेल्या मुलीच्या तोंडून जेवणाची यादी इतक्या तपशिलात आली की आईला कळतं काय ते. मॉलीच्या मागे तर आईही नव्हती.

त्यानंतरचं तिचं आयुष्य ऐकलं तर आमच्या गल्लीतल्या बायका म्हणतील, नशीबच काढलं हो. मेजर ग्रोझ नावाच्या अधिकाऱ्याच्या घरी ती मुलं सांभाळायला लागली. १७९४ च्या सप्टेंबरात, वयाच्या सतराव्या वर्षी, टॉमस रेबी नावाच्या आयरिश दर्यावर्दी माणसाशी लग्न केलं. तो आधी ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत होता. त्याने हॉक्सबरी नदीकाठी जमीन घेतली, धान्याची ने-आण सुरू केली, पुढे जहाजं घेतली. सिडनीत बंदराजवळ घर बांधलं आणि त्याचं नाव ठेवलं एंटाली, कलकत्त्याच्या एंटालीवरून. म्हणजे १८०० च्या आगेमागे सिडनीच्या बंदरावर एका सुटलेल्या कैदी बाईच्या घरावर बंगालमधल्या वस्तीचं नाव होतं. त्यांच्या मुलाने पुढे टास्मानियात घर बांधलं, त्यालाही तेच नाव दिलं. नवरा सफरीवर गेला की पेढी हिच्या हातात, एक हॉटेलही ती सांभाळत होती. १८११ च्या एप्रिलमध्ये टॉमस गेला. पुढच्याच महिन्यात त्याचा भागीदारही गेला. मेरीने तेव्हा चौतिशीसुद्धा गाठली नव्हती. पदरात सात पोरं, आणि बंदरात उभी असलेली जहाजं.

तिने दुकान बंद केलं नाही. वर्षभरात जॉर्ज स्ट्रीटवर नवी वखार उघडली, जहाजं वाढवली. १८१७ साली बँक ऑफ न्यू साउथ वेल्स सुरू झाली, ती मॅक्वारी प्लेसमध्ये तिच्याच घरात. बँकेतल्या बाईला ही जागा बघितल्याशिवाय राहवेना, म्हणून एका रविवारी जावयाने लेकीच्या घराजवळच्या पॅरामॅटाहून फेरीबोटीने नेलं. आता तिथे त्रिकोणी बाग आहे, तेवढीच, चार बाकं मावतील अशी. १८१८ चा एक दगडी स्तंभ, ज्याच्यापासून वसाहतीतल्या रस्त्यांची अंतरं मोजत. ‘सिरियस’ या जहाजाचा नांगर. भोवती काचेच्या इमारती, त्यांत बँकांची ऑफिसं. जवळच एक बोळ रेबीच्या नावाचा आहे. बोळात वाऱ्याने कागदाचे कप फिरत होते. तिथे उभं राहून मला आठवलं ते भलतंच. बँक उघडली त्याच वर्षीच्या मे महिन्यात याच मेरीबाईंना एका कर्जदाराला मारहाण केल्याबद्दल कोर्टाने दोषी ठरवलं होतं. मी एकटीच खदखदून हसले. आमच्या वसुली खात्याने असली बाई डोक्यावर घेऊन मिरवली असती.

वीसेक हजार पौंडांची मालकीण झाल्यावर १८२० साली सीलिया आणि एलिझा या दोन लेकींना घेऊन ती इंग्लंडला गेली. ज्या गावातून बेड्यांच्या वाटेने निघाली होती त्या मुलखात रेशमी झग्यात परत. लोकांनी कौतुकाने पाहिलं म्हणतात. मला त्या गर्दीतली एखादी म्हातारी दिसते, जी शेजारणीच्या कानाशी लागून म्हणत असेल, ‘हीच ना ती, घोड्याची?’ राहायचं ठरवलं असतं तर ती तिथेच राहू शकली असती. पत्रात लिहिलेली संधी आता मिळाली होती, दोन-तीन वर्षांऐवजी अठ्ठावीस वर्षांनी. पण ती ‘मरिनर’ नावाच्या जहाजाने १८२१ मध्ये सिडनीला परतली. मग आली १८२८ ची जनगणना. माणसागणिक नोंद, कोण कोणत्या जहाजाने आलं, कैदी म्हणून आलं की मोकळं. मेरीबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. आपल्या नावापुढे त्यांनी लिहवलं, मोकळी आले, ‘मरिनर’, १८२१.

म्हटलं तर यात खोटं काहीच नाही. १८२१ साली ‘मरिनर’ने ती आली आणि मोकळीच आली. फक्त ती तिची दुसरी खेप होती.

हे वाचलं आणि मला बँकेतल्या एक बाई आठवल्या. कोरेगावकडच्या असाव्यात, टोपपदरी इरकल नेसायच्या, भाजीचा गाळा होता. एकदा पासबुक घेऊन आल्या. भरलेलं नव्हतं, निम्मी पानं कोरी होती, तरी म्हणाल्या, नवीन द्या. मी म्हटलं, अजून वर्षभर चालेल. त्या खिडकीतून आत वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘ताई, नव्या पुस्तकात जुनं काय उतरतं?’ मी सांगितलं, काही नाही, वर एक ओळ येते, मागील शिल्लक इतकी, बस. ‘आन् कुणी काढले, कुणी भरले?’ ते नाही येत. ‘मग तेच पायजे.’ जुन्या पुस्तकात नवऱ्याने दर चार दिवसांनी काढलेले पैसे होते. शंभर, दीडशे, शंभर. नवरा वर्षभरापूर्वी गेला होता, आणि मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. व्याही पासबुक बघायला मागतील अशी त्यांना धास्ती. नियमाप्रमाणे मी नवं पुस्तक द्यायला नको होतं. जुनं खराब झालं, असा शेरा मारून दिलं. बाई कोरं पुस्तक पदराला पुसत पुसत गेल्या. मेरी रेबीने जनगणनेच्या माणसाकडून असंच नवं पासबुक करून घेतलं. मागील शिल्लक बरोबर, बाकी काही विचारू नका.

तिला हे जमलं, कारण शिल्लक मोठी होती. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत या भूमीवर सुमारे १ लाख ६२ हजार कैदी आणले गेले, त्यात बायका जवळपास २५ हजार. त्यांच्यातल्या कितीजणींपाशी दुसऱ्या खेपेचं भाडं असेल? लेकीच्या तपासणीला जाताना वाटेत नदीकाठी पिवळट दगडाची उंच भिंत लागते. १८२१ मध्ये, म्हणजे मेरीबाई रुबाबात परतल्या त्याच वर्षी, इथे बायकांची फॅक्टरी सुरू झाली. नाव फॅक्टरी, काम तुरुंगाचं. लोकर पिंजायची, सूत काढायचं, जाडंभरडं कापड विणायचं. चाकरीवरून परत पाठवलेल्या, गरोदर राहिलेल्या, मालकाशी भांडलेल्या सगळ्या इथे. बायकांच्या तीन वर्गवाऱ्या होत्या, आणि तिसऱ्या वर्गातल्या बाईचे केस कापत. त्या शिक्षेचा बायकांना सगळ्यात जास्त राग येई म्हणतात. १८२७ मध्ये शिधा कमी केला तेव्हा त्या दार फोडून गावात घुसल्या आणि पाव पळवले. आणि लग्नाळू पुरुष इथे बायको निवडायला येत. बायकांना रांगेत उभं करायचं, त्याने चालत जायचं, आवडेल तिच्यापुढे थांबायचं. भिंतीच्या दगडाला मी हात लावून पाहिला. उन्हाने तापलेला होता, कोयनेच्या घाटाच्या पायऱ्या चैत्रात तापतात तितका. भिंतीपलीकडे कुठेतरी गवत कापायचं यंत्र चालू होतं.

केस कापण्याचं वाचून माझ्या डोक्यात ज्या बाईचं नाव आलं ती सिडनीची नव्हती. सुरतेची विजयालक्ष्मी. १८८१ सालची गोष्ट, मेरी जाऊन तेव्हा २६ वर्षं झाली होती. तरुण ब्राह्मण विधवा. दिवस गेले, लोक काय म्हणतील या धास्तीने जन्मलेलं मूल मारलं. फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती जन्मभराच्या काळ्या पाण्यावर आली, पुढे तीही कमी करण्यात आली. वर्तमानपत्रांत बायकांच्या चालीरीतींवर तोंडसुख घेणं सुरू झालं, आणि ते सहन न होऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं, १८८२ मध्ये पुण्यात छापून आलं. हे आपण सगळ्याच कधी ना कधी वाचलेलं, भाषणात ऐकलेलं. ताराबाई आपल्या तोंडपाठ आहेत. पण त्या पुस्तकाच्या मागे जी उभी आहे तिचा चेहरा आपल्याकडे कुठल्या कागदावर आहे? काळं पाणी म्हटलं की आपल्यासमोर कोलू फिरवणारे पुरुष येतात. अंदमानात बायकाही होत्या, सेल्युलर जेल बांधायच्या कितीतरी आधीपासून, त्यांचा तुरुंग वेगळा. नवऱ्याचा नाही तर मुलाचा जीव घेतल्याबद्दल आलेल्या पुष्कळ. तिथेही तेच, चांगल्या वागणुकीचा दाखला मिळालेले पुरुष कैदी यायचे, बायकांची रांग, निवड, सरकारी मंजुरी, संसार. पॅरामॅटा आणि पोर्ट ब्लेअर, दोन समुद्र, साहेब एकच आणि रांगही एकच.

वीस डॉलरच्या नोटेवर मला एकदम राग आला. तो मेरीबाईंवर नव्हता, किंवा थोडा होताही. त्यांच्या नावावर १८२० पर्यंत हजारेक एकर जमीन झाली होती, निम्मी सरकारने दिलेली. मोकळी जमीन म्हणून दिलेली. सिडनीच्या बंदराकाठी गॅडिगल हे इथले मूळचे आदिवासी लोक राहत होते. पॅरामॅटा हे गावाचं नावही इथल्याच बुरामॅटागल लोकांचं, नदीतल्या वामांवरून पडलेलं. मोकळं नव्हतंच काही. एक पोर बेड्यांतून मोकळी झाली आणि तिला मोकळं रान मिळालं, ते ज्यांचं होतं त्यांच्या वाट्याला काय आलं याची ओळ तिच्या पासबुकात नाही. तिची बाजू घ्यायची म्हटलं तर घोड्याच्या चोरीला सात वर्षं आणि एवढ्या जमिनीला काहीच नाही, हा हिशोब तिने मांडलेला नव्हता. मांडणारे दुसरे होते. पण ती काउंटरच्या अलीकडे आली ती आलीच. काउंटरच्या अलीकडे आल्यावर माणसाला पलीकडचं कमी दिसतं, हे मी स्वतःवरून सांगते.

शेजारच्या घरात एक गोऱ्या आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या, गुलाबांना पाणी घालताना हात हलवतात. एकदा मोडक्या इंग्रजीत मी त्यांना मेरीचा विषय काढला. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, ‘आमच्याकडेही एक होती. कापड चोरलं होतं. माझ्या आईला माहीत होतं, पण ती मरेपर्यंत बोलली नाही. मीच नंतर शोधून काढलं.’ हे सांगताना त्यांचा आवाज असा, जसा आपल्याकडे कुणी ‘आमचे खापरपणजोबा पेशव्यांकडे होते’ म्हणताना होतो. आईने गिळलेली गोष्ट लेक दागिन्यासारखी मिरवते, मध्ये एकच पिढी. मेरीच्या घरातही तसंच. तिने ‘मोकळी आले’ लिहवलं, नातू टास्मानियाचा प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री झाला, आणि १९९४ साली इथल्या रिझर्व्ह बँकेने तिला नोटेवर घेतलं ते त्या घोड्यासकट. तिला विचारलं असतं तर तिने जनगणनेतलीच नोंद वापरा म्हणून सांगितलं असतं.

लेकीला कळा सुरू झाल्या पहाटे दोनला. तिच्या नवऱ्याचे हात थरथरत होते, गाडीची किल्ली दोनदा खाली पडली. मला आत घेतलं नाही. बाहेरच्या खुर्चीत मी अकरा तास बसले, समोरच्या भिंतीवर कांगारूचं चित्र आणि हात धुण्याच्या सूचना. नातेवाइकांचा एक फॉर्म दिला होता, तो दहा मिनिटांत भरून झाला. नंतर करायला काही उरलं नाही. मी विजयालक्ष्मीचा विचार करायचा नाही असं ठरवलं आणि तिचाच करत राहिले. ती कुठल्या खोलीत, कुणाच्या नकळत, तोंडात पदराचा बोळा कोंबून बाळंत झाली असेल. तिच्यासाठी निरांजन कुणी लावलं नसेल. ‘सुखरूप मोकळी होऊ दे’ हे वाक्य तिच्यासाठी कुणी म्हणू शकणार नव्हतं, कारण तिचं मोकळं होणं म्हणजेच अडकणं होतं. दुपारी एकला जावई बाहेर आला, डोळे लाल. नागपुरी माणूस, तरी विनोद नाही. ‘आई, झाली मोकळी. मुलगी आहे.’

पाचव्या दिवशी घरी आलो. लेकीने डिंकाचा विषय काढला नाही, मीही नाही. सकाळी अळिवाची खीर केली, ती तिने मुकाट्याने प्यायली. अळीव इथेही मिळतात, मी आणलेले की विकतचे हे तिने विचारलं नाही. रात्री तीनच्या सुमाराला पोर रडून उठलं, पाजून झालं, निजलं. मग स्वयंपाकघरात पावलं वाजली. वरच्या कपाटाचं दार कुरकुरलं. स्टीलच्या डब्याचं झाकण घट्ट बसतं, उघडताना टक्क असा आवाज होतो, तो लपवता येत नाही. मी कुशीवर वळले आणि डोळे मिटून घेतले. बराच वेळ तिच्या दातांखाली तळलेला डिंक कुरकुरत होता. सकाळी पाहिलं तर डबा खाली, गॅसशेजारी, माझ्या हाताला येईल असा ठेवलेला. मोजण्याची सवय जात नाही, दोन कमी होते.

बारशाला चार घरची मराठी मंडळी आली होती. पाळणा भाड्याने आणलेला, त्याला शेवंतीऐवजी कसलीशी इथली पिवळी फुलं. मी आहेराचं पाकीट आणायला विसरले होते. जावयाकडून एक डॉलरचं नाणं मागून घेतलं, त्याच्यावर पाच कांगारू. वीसची नोट माझ्या पर्समध्ये होती, तीच, कढीपत्त्याच्या दिवशी न मोडता परत आणलेली. एकवीस झाले. नाव कानात सांगून झाल्यावर मी नोटेची घडी करून नातीच्या मुठीत दिली. तिने ती आवळली, आजीचा चष्मा आणि टोपी सुरकुतून गेली. मग ती झोपली, मूठ सैल झाली, आणि नोट हळूहळू, कुणी हात न लावता, उलगडत गेली.